मुदत थांबली तेव्हा

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन एक छोटासा आदेश दिला. साथीमुळे पक्षकारांना आणि वकिलांना न्यायालयापर्यंत पोहोचणे अवघड झाले आहे, म्हणून दावे, अपिले आणि अर्ज दाखल करण्यासाठी कायद्याने ठरवून दिलेली मुदत १५ मार्चपासून पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि त्या गदारोळात हा आदेश वकिलांखेरीज फारसा कोणाच्या लक्षातही राहिला नाही. आम्ही मात्र त्याचे मनापासून स्वागत केले, कारण तो आला नसता तर घरात अडकून पडलेल्या हजारो लोकांचे हक्क कॅलेंडरवरच्या एका तारखेपायी बुडाले असते. आदेश योग्य होता, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. तरीही पुढच्या काही महिन्यांत माझ्यासारख्या जिल्हा न्यायालयातील वकिलाचे काम कशाने आटले, असे कोणी विचारले तर मी न्यायालयाच्या बंद दाराआधी या आदेशाकडे बोट दाखवीन.

याचे कारण वकिली व्यवसायाच्या मुळाशी आहे. माणूस वकिलाकडे अन्याय झाला म्हणून येतो, हे अर्धेच खरे आहे. तो बहुधा मुदत संपत आली म्हणून येतो. धनादेश वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. खरेदीचा करार समोरच्याने नाकारला, तर तीन वर्षांत दावा लावावा लागतो. या आकड्यांची भीती नसती तर आपल्याकडचे निम्मे वाद भावकीच्या बैठकीत वर्षानुवर्षे पडून राहिले असते. ६ मे २०२० च्या आदेशाने धनादेशाच्या प्रकरणांतील मुदतीलाही हीच सवलत मिळाली आणि आमच्याकडे फोन करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सूर एका दिवसात बदलला. कालपर्यंत नोटिशीचा मसुदा आजच हवा म्हणून हटून बसलेला माणूस आता म्हणू लागला, "साहेब, घाई नाही ना आता? मग बघू पुढे." त्याचे काहीच चुकत नव्हते. उधारी वसूल होण्याची शक्यता नसलेल्या काळात वकिलाची फी तरी कशाला भरायची, हा हिशेब कोणीही केला असता.

मी साताऱ्यात वकिली करतो. कराड, पाटण, वाई, कोरेगाव, फलटण, वडूज अशा तालुक्यांच्या न्यायालयांतून कामानिमित्त फिरणे होते. आमच्या मिळकतीची रचना बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. मोठ्या शहरातील नावाजलेले वकील सल्ल्याचे किंवा युक्तिवादाचे एकरकमी पैसे घेत असतील. इथे पक्षकार वकीलपत्रावर सही करताना थोडे पैसे देतो आणि नंतर तारखेला येईल तेव्हा खिशाला परवडेल तेवढे देत राहतो. तारीख असली की तो एसटीने येतो, न्यायालयाच्या आवारात चहा होतो, पुकारा होतो, पुढची तारीख मिळते आणि जाताना तो वकिलाच्या हातावर काहीतरी ठेवतो. तारखा पडतात म्हणून लोक वकिलांना दोष देतात आणि त्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु तारीख हीच आमच्या घरखर्चाची गाडी ओढते, हेही तितकेच खरे आहे. टाळेबंदीत न्यायालयांनी सर्व प्रकरणांना पक्षकार नसतानाच पुढच्या तारखा दिल्या. त्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइलवर दिसत होत्या. तारीख पडत होती, पण तारखेला येणारा माणूस नव्हता.

मग काम नव्हते का? काम होते, आणि काही बाबतींत पूर्वीपेक्षा अधिक होते. ते वाटले गेले होते विचित्र रीतीने.

फौजदारी बाजू पाहिली तर अटक थांबली नव्हती, त्यामुळे रिमांड आणि जामीनही थांबले नव्हते. आरोपीला न्यायालयात न आणता तुरुंगातून किंवा पोलिस ठाण्यातून पडद्यावर हजर केले जाऊ लागले. त्यातच तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चलाच प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्रातील समितीने आधी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे असलेल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन देण्याचे ठरविले. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात साथ शिरल्यावर ही कक्षा वाढवून राज्यातील सुमारे निम्मे कैदी बाहेर काढण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. अर्जांची संख्या अर्थातच वाढली. पण जामीन मंजूर होणे आणि माणूस बाहेर येणे यांत आपल्याकडे जी दरी असते, ती त्या काळात फारच रुंद झाली. जामीनदार आणायचा तर जिल्हाबंदी. त्याच्या ऐपतीचा दाखला आणायचा तर तहसील कार्यालय अलगीकरण केंद्रे आणि रेशनच्या धान्याच्या व्यवस्थेत बुडालेले. शेवटी जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्याच हमीवर, किंवा तात्पुरत्या रोख रकमेवर सोडावे म्हणून आणखी एक अर्ज करावा लागे. एका जामिनामागे पूर्वीच्या दुप्पट कागद आणि तिप्पट फोन लागत, आणि फी मागावी तर आरोपीचा घरमालकच भाड्यासाठी त्याच्या बायकोच्या मागे लागलेला असे.

मुदतीच्या आदेशावरून उठलेला सर्वांत महत्त्वाचा वादही फौजदारी बाजूचाच होता. आरोपी अटकेत असताना पोलिसांनी साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मुदती वाढल्या आहेत, म्हणून आरोपपत्राचीही मुदत वाढली, अशी भूमिका काही ठिकाणी सरकार पक्षाने घेतली आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने ती उचलून धरली. १९ जून २०२० रोजी एस. कासी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती साफ नाकारली. माझ्या मते त्या वर्षातील हा सर्वांत मोलाचा निर्णय होता. सामान्य माणसाला हक्क मागण्यासाठी अधिक वेळ देणे वेगळे आणि त्याला कोठडीत ठेवण्यासाठी सरकारला अधिक वेळ देणे वेगळे, हा भेद इतक्या धांदलीत न्यायालयाने नजरेआड होऊ दिला नाही. आम्ही तो निकाल मोबाइलवर वाचला आणि त्याच आठवड्यात जामिनाच्या अर्जांना जोडू लागलो.

दिवाणी बाजूची गोष्ट निराळी. सातारा जिल्ह्यातील कितीतरी घरांतला एक तरी माणूस मुंबईत असतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांत तर गावांची अर्धी कर्ती माणसे तिकडेच. एप्रिल-मे महिन्यांत हे मुंबईकर गावी परतले, शाळेत चौदा दिवस राहिले आणि मग घरात आले. वर्षातून जत्रेपुरता येणारा भाऊ आता सहा महिने घरात राहणार म्हटल्यावर आजवर न विचारलेले प्रश्न विचारले जाऊ लागले. सातबाऱ्यावर माझे नाव का नाही, बांध इकडे कसा सरकला, विहिरीच्या पाळीत माझा दिवस कोणता, पडवीची भिंत कोणी घातली, असे वाद गावोगाव उभे राहिले आणि त्यांचे पडसाद आमच्या फोनवर उमटले. एरवी अशा वादातून वाटपाचा दावा, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, मोजणीसाठी अर्ज किंवा तहसीलदारांपुढे मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली रस्त्याचे प्रकरण निघते. त्या वेळी यांतले जवळपास काहीच शक्य नव्हते. मनाईचा अर्ज न्यायालयाने ऐकायचा तर तो तातडीचा आहे हे आधी पटवावे लागे, मोजणी कार्यालय बंद होते, आणि तहसीलदार व प्रांताधिकारी यांच्यापुढील सुनावण्या तर पूर्णपणे थांबल्या होत्या, कारण तेच अधिकारी साथनियंत्रणाच्या कामात रात्रंदिवस गुंतले होते. उरला तो सल्ला. रात्री नऊनंतर, दोन्ही भाऊ घरात नसताना, परसदारी जाऊन हळू आवाजात केलेले फोन. त्या तासन्‌तास चाललेल्या बोलण्याचे पैसे घेण्याची आपल्याकडे रीत नाही. कागद हातात पडल्याशिवाय वकिलाने काही केले असे पक्षकाराला वाटत नाही आणि, खरे सांगायचे तर, वकिलालाही वाटत नाही. म्हणून त्या दिवसांत कोणी "काम कसे चालले आहे?" असे विचारले की मी "काही नाही" असेच उत्तर देत असे, आणि कान मात्र फोनने तापलेला असे.

पडद्यावरून चालणाऱ्या न्यायालयाबद्दल त्या काळात पुष्कळ उत्साहाने लिहिले गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे हे नागपूरचे. त्यांच्याच काळात ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने देशातील न्यायालयांना दूरदृश्य पद्धतीने काम करण्याचा आराखडा मिळाला. उच्च न्यायालयाच्या पातळीवर त्याचा फायदा मी स्वतः अनुभवला. पूर्वी उच्च न्यायालयातील काम मुंबईच्या वकिलाकडे सोपवून आम्ही कागद पाठवायचे एवढीच भूमिका असे. आता एखाद्या रिट याचिकेत साताऱ्यातल्या खोलीतून बोलता येऊ लागले. पांढरा सदरा आणि गळ्याशी बँड पुरेसे आहेत, कोट आणि गाऊनची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात जाहीर केल्यावर उन्हाळ्यात झालेला आनंदही नोंदवायला हवा. मात्र त्याच ६ एप्रिलच्या आदेशात अशीही अट होती की दोन्ही पक्षांची संमती असल्याखेरीज दूरदृश्य पद्धतीने पुरावा नोंदवू नये. अट रास्त होती. साक्षीदार कोणाच्या ओसरीवर बसला आहे, पडद्याच्या बाजूला कोण उभे राहून त्याला खुणा करीत आहे, जुना दस्त त्याच्या हातात द्यायचा तर तो कसा, हे प्रश्न उलटतपास घेणाऱ्याला सतावणारच. पण जिल्हा आणि तालुका पातळीवरील वकिलाचे खरे काम सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणे, आणि उलटतपास हेच असते. उच्च न्यायालयात कागद वाचून युक्तिवाद होतो, म्हणून तिथले काम पडद्यावर सहज गेले. आमचे काम साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघत चालते, म्हणून ते जागीच राहिले. मोबाइलच्या रेंजसाठी गच्चीवर जावे लागणाऱ्या पाटण खोऱ्यातील पक्षकाराची अडचण तर आणखीच पुढची.

मोटार अपघाताची प्रकरणे चालविणाऱ्यांचे हाल वेगळ्या तऱ्हेने झाले. रस्ते ओस पडल्याने नवी प्रकरणे येईनात. जुन्या प्रकरणांत विमा कंपन्यांनी भरपाईची रक्कम न्यायालयात भरलेली असली, तरी ती काढून घेण्याचे अर्ज तातडीच्या यादीत बसविताना ओढाताण होई. अपंग झालेला अर्जदार घरी पैशावाचून बसलेला, रक्कम नाझरच्या, म्हणजे न्यायालयाचा पैसा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खात्यात पडून आणि वकिलाची फी त्याच रकमेवर अवलंबून, अशी ती तिहेरी कोंडी होती.

याच काळात काही वकिलांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, हे सांगितले नाही तर चित्र खोटे ठरेल. मुंबईतील मोठ्या विधी संस्थांमध्ये काम करणारे माझे परिचित मार्च महिन्याच्या अखेरीपासूनच कामाखाली दबले होते. करारातले दैवी आपत्तीचे कलम लागू होते का, गाळ्याचे भाडे थांबविता येते का, कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने दिलेल्या सवलतीचा खात्याच्या वर्गवारीवर काय परिणाम होतो, अशा प्रश्नांवर मते देण्यात त्यांचे दिवस जात होते. त्याच संस्थांमधील दिवाळखोरी विभाग मात्र थंडावला, कारण २५ मार्च २०२० पासून उद्भवणाऱ्या थकबाकीवरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्यास कायद्यात दुरुस्ती करून स्थगिती देण्यात आली होती, आणि ती पुढे वर्षभर राहिली. एकाच इमारतीत एका मजल्यावर पहाटेपर्यंत दिवे आणि दुसऱ्यावर पगारकपात, असे ऐकायला मिळे.

आमच्याकडे तेजी आली ती सप्टेंबरमध्ये आणि ती न्यायालयातून आली नाही. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात खरेदीखतावरील मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांची सूट दिली. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या. ज्या वकिलांनी आयुष्यभर दस्त लिहिण्याला दुय्यम काम मानले होते, तेही सर्च रिपोर्ट, साठेखत आणि खरेदीखताच्या मागे लागले, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर सर्व्हर बंद पडल्याच्या बातमीने जेवढी घबराट झाली तेवढी मार्चमध्येही झाली नसेल. इथेही मुदतच होती, याची मला गंमत वाटते. न्यायालयातील मुदत थांबवल्याने जे काम आटले होते, ते शासनाने ३१ डिसेंबर ही नवी मुदत घालून देताच दुसऱ्या दाराने परत आले.

या साऱ्यात सर्वांत वाईट अवस्था झाली ती ज्युनियरांची आणि कारकुनांची. सनद घेऊन दोन-तीन वर्षे झालेल्या मुलाला सीनियरकडून मिळते ते बहुधा मानधन, पगार नव्हे. त्याची खरी कमाई म्हणजे पुढची तारीख मागण्याचे अर्ज, हजेरीमाफीचे अर्ज, एखादे प्रतिज्ञापत्र, दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे, अशा किरकोळ कामांतली. न्यायालय भरत नाही म्हटल्यावर हे सारे एका दिवसात नाहीसे झाले. दुसरे काही करावे तर बार कौन्सिलचे नियम आड येतात: वकिलाने स्वतः व्यापार करू नये, पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये, जाहिरात करू नये. गुजरातच्या बार कौन्सिलने जून २०२० मध्ये वकिलांना वर्षअखेरपर्यंत अन्य काम करण्याची मुभा द्यावी असा ठराव केला, तेव्हा आमच्याकडच्या ज्येष्ठांपैकी काहींना त्यात व्यवसायाची अप्रतिष्ठा दिसली. मला तसे वाटले नाही. ज्याच्या घरी किराणा भरायचा आहे त्याने भाजीची गाडी लावली तर सनदेला काळिमा लागतो, हे म्हणणे ज्याचे घर भरलेले आहे त्यालाच परवडते. जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या आर्थिक स्थितीची स्वतःहून दखल घेतली. स्थानिक वकील संघटनांनी शिधा आणि थोडी मदत दिली. घेणाऱ्यांची नावे कोठे लावू नयेत एवढे भान बहुतेकांनी ठेवले, हे चांगले झाले. कारकून, टंकलेखक आणि मुद्रांक विक्रेते मात्र यांतल्या बऱ्याच योजनांच्या बाहेरच राहिले. महिला वकिलांपैकी अनेकींनी, विशेषतः ज्यांची मुले घरातच ऑनलाइन शाळेत बसली होती त्यांनी, त्या वर्षी हाती असलेली कामे दुसऱ्यांकडे सोपविली. ती सगळी परत त्यांच्याकडे आली नाहीत.

जून २०२० पासून न्यायालये कमी कर्मचाऱ्यांनिशी, पाळ्यांमध्ये सुरू झाली. हिवाळ्यात जरा घडी बसते आहे असे वाटत असतानाच एप्रिल २०२१ ची लाट आली आणि पुन्हा तातडीचीच कामे उरली. मुदतीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये संपविला होता. २७ एप्रिल २०२१ रोजी तो पुन्हा लागू करावा लागला. त्या लाटेने आमच्या बार रूममधली काही माणसे नेली. त्यांच्याविषयी वेगळे लिहायला हवे. इथे कामापुरतेच सांगतो. वकील गेला की त्याच्या वकीलपत्राचा अंमलही संपतो. त्यामुळे प्रत्येक फाईलसाठी पक्षकाराला शोधून नवे वकीलपत्र घ्यावे लागते. फाईलच्या वेष्टनावर गावाचे नाव, आत दहा वर्षांपूर्वीचा मोबाइल क्रमांक, आणि टिपणे अशा आखूड अक्षरांत की ती फक्त लिहिणाऱ्यालाच कळावीत. आम्ही काही जणांनी ती कपाटे वाटून घेतली. त्या कामाला फी नव्हती आणि कोणी मागितलीही नाही, पण २०२१ च्या उत्तरार्धातील माझा बहुतेक वेळ त्यातच गेला.

दरम्यान देशभरातील जिल्हा न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणे साथीपूर्वीच्या ३ कोटींहून थोड्या अधिक आकड्यावरून ४ कोटींच्या घरात पोहोचली. बाहेरच्याला वाटेल की एवढी प्रकरणे साचली म्हणजे वकिलांची चंगळ. परंतु साचलेल्या प्रकरणाची फी आधीच घेऊन झालेली असते. राहते ते नुसते उभे राहणे. २०२२ मध्ये बोर्ड, म्हणजे न्यायालयाची रोजच्या प्रकरणांची यादी, पूर्ववत भरू लागले तेव्हा पक्षकारही दोन वर्षांच्या तोट्यातून आलेला होता, आणि तडजोड करून मोकळे व्हावे याकडे त्याचा कल वाढलेला मला दिसला. लोकअदालतीत पूर्वी ज्यांना ओढून न्यावे लागे ते आता स्वतःहून यादीत नाव घाला म्हणू लागले.

१० जानेवारी २०२२ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने हा अध्याय मिटविला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळायचा आणि ज्यांची मुदत या काळात संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस द्यायचे, असे ठरले. हे नव्वद दिवस मेअखेरीस, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत संपत होते, त्यामुळे एप्रिलमध्ये कार्यालयात जी झुंबड उडाली तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. "मग बघू पुढे" म्हणून गेलेले व्यापारी परत आले. काहींचे ऋणको तोवर गाव सोडून गेले होते. त्यातच १ एप्रिलपासून मोटार अपघाताच्या नव्या दाव्यांना सहा महिन्यांची मुदत लागू झाली.

दोन्ही टोकांचे दिवस धरले तर वगळलेला काळ ७१६ दिवसांचा होतो. हा आकडा आता माझ्या टेबलावरच्या काचेखाली लिहिलेला आहे, कारण जुन्या व्यवहारावरील प्रत्येक दाव्यात प्रतिवादी पहिल्याच परिच्छेदात मुदतीची हरकत घेतो आणि आम्ही हा हिशेब मांडून उत्तर देतो. डिसेंबर २०१९ मध्ये नाकारलेल्या कराराचा दावा अशा गणनेने २०२४ च्या नोव्हेंबरात मुदतीत बसला. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्यातील निकालाच्या आदेशाच्या, बजावणीची दरखास्त बारा वर्षांत दाखल करता येते. तेव्हा टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यांत, मार्च २०२० च्या आरंभी झालेल्या हुकूमनाम्यांच्या बाबतीत हे ७१६ दिवस २०३४ सालच्या वकिलांनाही मोजावे लागतील.